कुठले पाटील?

"आपलं आडनाव?"

"पाटील."

"ते अर्जात आहे हो. कुठले पाटील?"

२०१२ साली हिंजवडीतल्या एका कंपनीत मी मुलाखत द्यायला गेलो, तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. जावा वगैरे नंतर आलं. मी म्हटलं, बार्शीचे. मुलाखत घेणाऱ्या सरांच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. बार्शीकडे पाटील मराठाही असतो, लिंगायतही असतो, जैनही सापडतो. मग त्यांनी फार मायेने विचारलं, "कुलदैवत?" मी म्हटलं, तुळजाभवानी. ती निम्म्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी, त्यामुळे याही उत्तराने त्यांचं काही भागेना. शेवटी नाइलाज होऊन त्यांनी मला जावा विचारलं आणि नोकरी दिली. पुण्यात जात कुणी विचारत नाही. ती काढतात.

नोकरीच्या आठव्या दिवशी माझा कोड त्यांच्यापुढे रिव्ह्यूला गेला. ग्राहक घाऊक असेल तर अमुक सूट, किरकोळ असेल तर तमुक, सरकारी असेल तर आणखी काही, असं मी साधंसरळ लिहिलं होतं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी ऑब्जेक्टला आधी 'इन्स्टन्सऑफ' लावून तो कोण हे तपासलं होतं. सर खुर्चीतून उठले. चष्मा कपाळावर गेला.

"अहो पाटील, हे काय आहे? तुम्ही त्याला विचारताय, तू कोण? घाऊक का किरकोळ? ही काय रीत झाली? त्याला काम सांगा. म्हणावं, सूट काढ. तो कोण आहे ते त्याचं त्याला माहीत आहे. चारचौघांत कुणाला तू कोण म्हणून विचारणं हा शुद्ध असभ्यपणा आहे!"

आठ दिवसांपूर्वी माझी कुलदेवता विचारणारे गृहस्थ हेच. त्यांच्या चेहऱ्यावर विसंगतीचा लवलेश नव्हता. मला वाटतं, त्याच क्षणी मी त्यांचा भक्त झालो.

त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. असा एक माणूस हिंजवडीच्या प्रत्येक फेजमध्ये, बहुधा प्रत्येक मजल्यावर असतो. व्हिजिटिंग कार्डावर 'आर्किटेक्ट' असतं, आणि घरी आईची शेवटपर्यंत समजूत असते की मुलगा बंगले बांधतो. आमच्या सरांना आम्ही पाठीमागे बेसकाका म्हणायचो. काहीही दाखवा, त्यांना त्यामागचा बेसक्लास दिसायचा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं (एक लिहायला, एक कुणी मागितलं तर द्यायला), आणि बॅगेत तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं १९९४ सालचं 'डिझाइन पॅटर्न्स'. गॅमा, हेल्म, जॉन्सन, व्लिसिडीस या चौघांचा उल्लेख ते गल्लीतल्या मुलांसारखा करायचे: "गॅमा काय म्हणतो बघा."

कर्वे पुतळ्याजवळून सकाळी कंपनीची बस सुटायची, आणि भूमकर चौकात ती हमखास अडकायची. सरांचे वर्ग तिथे भरत. विद्यार्थी पळून जाऊ शकत नाहीत अशी पुण्यातली ती एकमेव शाळा असावी. एकदा समोरच्या गोंधळाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा. सिग्नल हिरवा झाला. सिग्नलने सगळ्यांना मिळून एकच निरोप दिला: जा. आता ट्रक कण्हत निघेल, रिक्षा डावीकडून घुसेल, पीएमपी मधेच थांबून माणूस घेईल, आणि ती अ‍ॅक्टिव्हा फुटपाथवर चढेल. निरोप एक, वागणं ज्याचं त्याचं. सिग्नलने एकेकाला विचारलं का, तू कोण? विचारत बसला असता तर आपण इथे मुक्कामाला असतो." आम्ही मुक्कामालाच होतो, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. "आणि उद्या कुठली नवी चारचाकी बाजारात आली तर सिग्नल बदलावा लागेल का? नाही. तिने फक्त 'जा' म्हटल्यावर जायला शिकून यायचं. याला म्हणतात पॉलिमॉर्फिझम. बहुरूपता."

मग ओघाने ओस्लो यायचं. तिथल्या संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी सिम्युला ही भाषा केली. रांगा, वाहतूक, कारखान्यातली ये-जा अशा गोष्टी संगणकात चालवून पाहाव्यात हा तिचा मूळ हेतू. वर्ग, उपवर्ग आणि आयत्या वेळी ज्याची त्याची पद्धत शोधून चालवणं हे सगळं १९६७च्या सिम्युलात आलं. म्हणजे ज्या कल्पनेवर हिंजवडीचं पोट चालतं, ती कल्पना रहदारीच्या अभ्यासातून निघाली आणि शेवटी भूमकर चौकात येऊन अडकली. हे वाक्य माझं आहे. सरांना ऐकवलं तेव्हा ते हसले नव्हते.

बंगालहून आलेल्या एका मुलाला तर त्यांनी मराठी आणि बहुरूपता एकाच दिवशी शिकवली. "भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, झाडाला फणस लागतात, घाटात गाडी लागते. क्रियापद एकच, 'लागणे'. काय लागलं त्यावर पुढचं ठरतं." त्या मुलाने तीन दिवस विचार करून विचारलं, "सर, तुमचा कोड समजायला वेळ लागतो, हा कुठला प्रकार?"

पण सरांची खरी कर्तबगारी बसमध्ये नव्हती. आमचं उत्पादन होतं दुकानांच्या बिलांचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर. ज्यांनी त्या काळात महाराष्ट्रात असलं सॉफ्टवेअर सांभाळलं, त्यांच्या कानाशी नुसतं 'एलबीटी' म्हणून पाहा. व्हॅट २००५पासून होताच. त्याच्या जोडीला महापालिकांची जकात, म्हणजे माल नाक्यावर आला की तिथे भरायची. १ एप्रिल २०१३ला पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. नाका गेला, कर राहिला, आणि तो व्यापाऱ्याने स्वतःच्या वह्यांवरून काढून भरायचा असं ठरलं. व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली, मोर्चे काढले. मुंबईत मात्र जकात चालूच. गावाकडे दोन्हीही नाही. १ ऑगस्ट २०१५ला पन्नास कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. चार वर्षांत इतकी पात्रं रंगमंचावर येऊन गेली, आणि आमच्या जुन्या कोडमध्ये प्रत्येकासाठी 'जर शहर पुणे असेल तर' लिहिलेलं. तेही एका जागी नाही. खरेदीच्या नोंदीत, बिलाच्या छपाईत, महिन्याच्या अहवालात, आणि परत आलेल्या मालात. २०१३च्या एप्रिलमध्ये आम्ही सगळीकडे जकात काढून एलबीटी घातला. परत आलेला माल विसरलो. महिनाभर आमच्या हिशेबात पुण्यातला माल परत जाताना अस्तित्वात नसलेल्या नाक्यावर जकात भरत होता.

सरांनी तेव्हा दोन आठवडे मागून घेतले. मॅनेजरने कारण विचारलं तर म्हणाले, "घर झाडायचंय." त्यांनी 'कर' नावाचा एक इंटरफेस केला. त्याला तीनच कामं: किती ते सांग, कधी भरायचा ते सांग, कुठल्या खात्यावर टाकायचा ते सांग. जकात, एलबीटी, व्हॅट ही मंडळी ही तीन कामं आपापल्या पद्धतीने करणार. ज्या गावात कर नाही तिथे 'करनाही' नावाचा एक सद्गृहस्थ बसवला. तो तिन्ही कामं नम्रपणे करून शून्य रुपये सांगायचा, त्यामुळे 'कर आहे का?' हा प्रश्नसुद्धा कोडमधून गेला. बाकी सगळीकडचे 'जर-तर' त्यांनी स्वतःच्या हाताने उपटले, तणासारखे.

मी विचारलं, "पण सर, कुठे तरी विचारावं लागेलच ना, हे दुकान कुठलं म्हणून?"

"एकदा," ते म्हणाले. "दारात. दुकानाची नोंदणी वाचताना एकदाच विचारायचं, त्याप्रमाणे ज्याला आणायचं त्याला आत आणायचं. आत आल्यावर त्याला पुन्हा कुणी विचारायचं नाही."

मुलाखतीत माझं काय झालं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला दारात विचारलं होतं. आणि खरं सांगायचं तर आत आल्यावर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. पाटलाला काम सांगितलं, पाटलाने केलं. बढती देतानाही ते कुठले पाटील या चौकशीत गेले नाहीत. फक्त दार त्यांचं फार मोठं होतं. रिक्षावाला, वेटर, सोसायटीचा वॉचमन, पार्सल घेऊन आलेला पोरगा, सगळे त्यांच्या लेखी कायम दारातच उभे. "मूळचे कुठले?" हे विचारल्याशिवाय त्यांच्या हातात पार्सलसुद्धा पडायचं नाही. एकदा आम्ही धीर करून म्हटलं, सर, आडनावावरून माणूस कळतो हे तुमचंच तत्त्व मोडणं नाही का? त्यांनी फार विचार केला आणि म्हणाले, "पाटील हे आडनाव नाहीच मुळी. तो इंटरफेस आहे. गावचा कारभार करणं हे काम. ते काही एकाच जातीकडे नव्हतं. म्हणून तर विचारावं लागतं." आम्ही गप्प बसलो. माझ्या आडनावाबद्दल यापेक्षा नेमकं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

त्यांच्या शिकवणीचा एक त्रास होता. नव्या पोरांच्या अंगात ती यायची. जीएसटी आला तेव्हा एकाने पाच टक्के, बारा टक्के, अठरा टक्के, अठ्ठावीस टक्के असे चार क्लास केले. वर त्यांचा एक बाप, आणि त्या बापाचा एक अमूर्त आजोबा. पोरगं शाबासकीच्या अपेक्षेने उभं. सरांनी ते वंशवृक्षाचं चित्र बराच वेळ पाहिलं.

"या चौघांत फरक काय?"

"सर, टक्के."

"मग चार मुलांची उंची चार प्रकारची म्हणून चार घराणी काढणार का? आकडा वेगळा असला की तक्त्यात लिहायचा. वागणं वेगळं असलं तरच नवा क्लास. जकात नाक्यावर भरतात आणि एलबीटी वहीवरून, म्हणून ते वेगळे. पाच आणि बारा हे एकच गृहस्थ आहेत, एकदा उपाशी आणि एकदा जेवलेले." सहा क्लासचा कारखाना तासाभरात एका तक्त्यावर आला. पोरगं हिरमुसलं. मला विचाराल तर बहुरूपतेबद्दल त्यांनी शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, की ती कुठे वापरू नये. हे पुस्तकात चटकन सापडत नाही, कारण पुस्तकं विकत घेणाऱ्याला काहीतरी वापरायचं असतं.

माझी स्वतःची फजिती त्याच वर्षीच्या दिवाळीतली. जीएसटीत छोट्या दुकानदारांसाठी कॉम्पोझिशनची सवलत आहे. उलाढालीवर ठरावीक टक्के स्वतःच्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, आणि कराचं बिल न देता 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं. मी त्यांच्यासाठी वेगळा क्लास केला तो बरोबरच होता, कारण वागणंच वेगळं. पण 'कर आकार' या कामात मी लिहिलं: हे मला लागू नाही, म्हणून एरर. झालं! वसुबारसेच्या संध्याकाळी एका मिठाईवाल्याच्या गल्ल्यावर प्रत्येक बिलाला यंत्र सांगायला लागलं की हे मला लागू नाही. समोर अर्धा-अर्धा किलोची चिवड्याची पुडकी आणि रांग थेट रस्त्यापर्यंत.

सर फोनवर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आमच्याकडे धुण्याभांड्याला मावशी येतात. गावाला गेल्या की बदली बाई पाठवतात. मागच्या वेळी बदली आल्या आणि म्हणाल्या, मी भांडी घासत नाही. आता मला सांगा, ही बदली का पाहुणी?" मग बार्बरा लिस्कोव्ह. त्यांनी १९८७च्या एका भाषणात हेच मांडलं: मूळ माणसाच्या जागी बदली उभा केला तर काम सांगणाऱ्याला फरक कळता कामा नये. "ट्युरिंग पुरस्कार मिळाला हो त्या बाईंना, २००८चा. आमच्या मावशींनी त्यांचं भाषण ऐकलं असतं तर मला भांडी घासावी लागली नसती." मी एरर काढून तिथे शून्य ठेवलं. 'करनाही' हे सद्गृहस्थ चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढे बसले होते, त्यांच्याकडे पाहून हे सुचायला हवं होतं.

सरांचं सगळंच निर्दोष होतं असं नाही. त्यांच्या उमेदीतला काही कोड अजून तळघरात होता. सात पिढ्यांची वंशावळ, आणि प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचं थोडं मोडलेलं. कुणी त्याला हात लावत नसे. एकदा बग आला, आम्ही गिट ब्लेम काढलं, आणि प्रत्येक ओळीपुढे सरांचं नाव. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, हात वर केले आणि थेट कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "तो मी नव्हेच!" अत्र्यांचं ते १९६२चं नाटक त्यांनी पणशीकरांच्या पाचही भूमिकांसकट किती वेळा पाहिलं होतं, देव जाणे. त्या नाटकावरही त्यांचं एक तांत्रिक मत होतं. "अख्खं नाटक म्हणजे इन्स्टन्सऑफ. न्यायाधीश पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच विचारतात, तू लखोबा आहेस का? आणि उत्तर काही मिळत नाही. म्हणून म्हणतो, विचारू नये."

एका दिवाळीच्या आधी मी कोथरूडला त्यांच्या घरी गेलो होतो. बेल वाजली. दारात बहुरूपी. खाकी गणवेश, छातीवर पाचसहा बिल्ले, कमरेला दोरी, हातात जाड वही. आत पाऊल टाकण्याआधीच सुरू: साहेब, वॉरंट आहे तुमच्या नावाचं, सासूबाईंची फिर्याद आहे, जावई अनारसे करू देत नाही, चला चौकीवर. मी खुश. बसमध्ये जिचे धडे ऐकले ती बहुरूपताच दारात येऊन उभी होती. सर आता काहीतरी मोठं बोलणार म्हणून मी कान टवकारले.

सर म्हणाले, "मूळचे कुठले?"

बहुरूप्याने वही मिटली. "साहेब, आज इन्स्पेक्टर आहे. गाव उद्या विचारा, उद्या मी हनुमान."

काकू आतून हसत आल्या, शंभराची नोट आणि चकल्यांची पुडी देऊन गेल्या. सर मात्र दार लावून बराच वेळ सोफ्यावर बसून राहिले. मग म्हणाले, "पाहिलंत पाटील? स्वतःचा प्रकार बाहेर दिसू द्यायचा नाही, निरोपाला चोख उत्तर द्यायचं. आपल्या टीममध्ये असा एक नाही." तरी जाताना जिन्यात मला हळूच म्हणाले, "बोलण्यावरून बीडकडचा वाटला नाही?"

सर निवृत्त झाले त्यालाही आता काही वर्षं झाली. गेल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ला, जीएसटीचे दर बदलले. बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे मोडले, पाच आणि अठरा उरले, चैनीच्या आणि व्यसनाच्या काही वस्तूंना चाळीस. रविवारी रात्री आम्ही दरांचा तक्ता बदलला. कोडच्या एकाही ओळीला हात लागला नाही. घटस्थापनेच्या सकाळी दुकानं उघडली, बिलं निघाली, कुणाचा फोन आला नाही.

एक आला. नवी मुलगी टेबलाशी होती, तिने उचलला. सरांचा आवाज कधीच फोनमध्ये मावत नसे, मला तो पलीकडच्या खुर्चीत ऐकू आला.

"कोण बोलतंय?"

"देशमुख."

"कुठले देशमुख?"

तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. सरळ म्हणाली, "सर, काम सांगा ना."

पलीकडे क्षणभर शांतता.

"काम काही नाही," सर म्हणाले. "सहजच केला होता."